ओठांतल्या वेलांट्या

सुमनने आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही एक लग्नपत्रिका मोडली. मोडली म्हणजे फाडली नाही. छापून झालेल्या मजकुराचे शिशाचे खिळे सुटे करायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, त्याला आम्ही प्रेसवाले मोडणं म्हणायचो. मुलुंडच्या कुणाचं तरी लग्न होतं. दुपारची वेळ, शेठ जेवायला गेलेला, छापायचं ट्रेडल थांबलेलं. मी ओळ धरायचो आणि ती एकेक खिळा बोटांच्या टोकाने उचलून खणात सोडायची, टक्, टक्, टक्. वेलांट्या मात्र ती लगेच टाकायची नाही. बायका वेणी घालताना केसांचे आकडे ओठांत धरतात ना, तशा ती वेलांट्या ओठांत धरायची आणि शेवटी सगळ्या एकदम जागेवर ठेवायची. तोंडात तीन वेलांट्या, त्यामुळे मी काहीही बोललो की ती नुसतं "हूं" करायची. मी म्हटलं, "ह्या नवरीचं नाव बघ केवढं लांब. हाक मारून होईपर्यंत नवरा म्हातारा व्हायचा." तिला हसू फुटलं आणि खिळे तिच्याच तळहातावर सांडले. म्हणाली, "मेल्या, हसवू नको. एकीची जरी शेपटी तुटली तर शेठला तू तोंड दे." चारचौघांत मी अहो होतो, दोघंच असलो की मेल्या. तिला सहावा महिना होता.

तो टाइप कसला होता ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्या घाटकोपरच्या प्रेसमध्ये बाकी सगळे टाइप सरळ, ठोकळे, रेशनकार्डावर असतात तसे. हँडबिलं, पावत्या, शाळेचे पेपर सगळं त्यातच जायचं. पण शेठने गिरगावातल्या फाउंड्रीतून एक टाइप हौसेने आणला होता. बोरूने कुणी जुन्या माणसाने सावकाश लिहावं तसा. अक्षर थोडं उजवीकडे कललेलं, जाड तिथे भरदार, बारीक तिथे केसासारखं, आणि वेलांट्या-रफार असे की ओळीवरून वारा गेलाय असं वाटावं. सबंध मजकूर त्यात नाही करायचा. फक्त वरचं श्री, आणि नवरानवरीची नावं. आम्ही त्याला नवरी टाइप म्हणायचो. खण एकच, तोही फ्लॅनेलचं फडकं घालून झाकलेला. चि. आणि सौ. कां. प्रत्येक पत्रिकेत यायचं म्हणून त्यातले च आणि क लवकर झिजले. पण खरी भीती वेलांटीची. तिची शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर हवेत निघालेली असायची, शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर टेकण्यासाठी. मुठीत दुसऱ्या खिळ्यांबरोबर धरली की गेली. चिमट्याने जोरात दाबली की गेली. सुमनला सगळ्यात मऊ आणि सुरक्षित जागा ओठ वाटली. तिने एकही वेलांटी तोडली नाही. एकसुद्धा नाही.

हल्ली पुतण्याची मुलगी मोबाईलवर पत्रिका दाखवते. तशीच कललेली अक्षरं, तशाच वेलांट्या, बोटाने ताणल्या की लांब होतात, सोडल्या की आखूड. ती म्हणते, "आजोबा, छान आहे ना फॉन्ट?" मी हो म्हणतो. मी सातवी नापास माणूस, मला काय कळतं. पण मी बघतो त्या वेलांटीकडेच, आणि मग चष्मा काढून ठेवतो.

मी प्रेसमध्ये लागलो तेव्हा मला मिसरूड नव्हतं. खिळे जुळवायला दत्तूमामांनी शिकवलं. मामा म्हणजे नात्याचे कुणी नव्हेत. रत्नागिरीकडचा बारीक म्हातारा, बोटं कायमची काळी, बोलणं कमी. पहिल्या दिवशी जुळणीची स्टिक हातात देण्याच्या आधी ते मला म्हणाले, "तीन गोष्टी ऐक. खिळा खाली पडला तर पाय हलवू नको, आधी शोध. हात धुतल्याशिवाय डबा उघडू नको. आणि खिळा तोंडात धरायचा नाही. कधीच नाही. हे शिसं आहे, आतून खातं." रोज सुट्टीच्या आधी शेठ गुळाच्या डब्यातून आम्हा जुळाऱ्यांना एकेक खडा द्यायचा. गुळाने शिसं उतरतं असं सगळे मानायचे. बाइंडिंगच्या बायकांना गूळ नसायचा, त्यांचा खिळ्याशी संबंध नव्हता. त्या खाली चटईवर बसून पत्रिका दुमडायच्या, पाकिटात भरायच्या, कोपऱ्याला हळदीकुंकू लावायच्या.

सुमन त्यांच्यातलीच. असल्फाच्या डोंगरावर तिच्या मामाकडे राहायची, चौथीपर्यंत शिकलेली, नाकात चमकी, जीभ माझ्यासारखीच तिखट. एका लग्नसराईत दत्तूमामांच्या थरथरत्या हातांनी दोन दिवसांत चार वेलांट्या तोडल्या. शेठ डोकं धरून बसला. सुमन चटईवरून म्हणाली, "मी बघू का? मला काकणं भरता येतात, फुटत नाहीत." सगळे हसले. पण तिने ती अख्खी ओळ सोडवली, काहीही न तुटता. उलटी अक्षरं तिला कुणी शिकवावी लागली नाहीत. म्हणाली, "त्यात काय, आरशात बघतो तसंच." आणि त्याच दिवशी, हात दोन आणि वेलांट्या पाच म्हणून, तिने पहिल्यांदा एक वेलांटी ओठांत धरली. मी समोरच्या खणावर उभा होतो. मला मामांचे शब्द आठवले. शंभर टक्के आठवले. पण मी बोललो नाही. मी कुणालाही तोंडावर बोलणारा माणूस. शेठला कंजूष म्हणालो आहे, सख्ख्या काकाला चोर म्हणालो आहे. पण तिच्या ओठांत ती चकचकीत वेलांटी, बाजूला झुकलेली मान आणि खालच्या खणावरची नजर पाहिली आणि माझी वाचा बसली. बोललो असतो तर मी तिच्या ओठांकडे बघत होतो हे सगळ्या प्रेसला कळलं असतं. एवढंच कारण. विशीतल्या गड्याला एवढं कारण पुरतं.

वर्षभरात लग्न झालं. आमची पत्रिका छापली नाही. गावाकडे आमच्यात अक्षता घेऊन माणूस दारोदार फिरायचा, तेच आमंत्रण. सुमनला त्याची खंत होती. म्हणायची, "दुनियेची नावं मी त्या टाइपातून काढली, माझंच कुठे आलं नाही." मग स्वतःच म्हणायची, "बारशाची छापू. तेव्हा आई म्हणून घालू माझं नाव. शेठ नाही म्हणाला तर त्याचा सगळा खण मी एका दिवसात मोडून दाखवीन."

खोली भटवाडीत, दहा बाय बाराची. आम्ही दोघं आणि माझी आई. पहाटे नळावर हंडे आपटायचे, शेजारची गिरणीची पाळी सुटून आलेली माणसं खोकत झोपायची, रॉकेलच्या रांगेत आईचा डबा आमच्याआधी जाऊन बसलेला असायचा. सुमनच्या हातच्या सुक्या बोंबलाच्या चटणीला कांदा जास्त आणि कोकम नावालाही नाही. आई रोज म्हणायची, "कोकमाशिवाय कसली गे चटणी?" सुमन म्हणायची, "आई, तुम्ही खाता ना पण तीन भाकऱ्या?" आई तोंड फिरवून हसायची. भांडण असं कधी झालं नाही त्या दोघींत. माझ्याशी मात्र दोघी भांडायच्या.

पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, त्यासाठीच ही वही घेतली. ती दवाखान्यातून घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्या पाठीकडे बघत असताना माझ्या मनात आलं, शिसं. आतून खातं म्हणाले होते मामा. चार दिवस मी ते वाक्य तोंडात घोळवत होतो. सांगायचं एवढंच होतं की सुमे, खिळा ओठांत धरू नकोस. पण ते सांगितलं असतं तर ती उठून बसली असती आणि तिने विचारलं असतं, "म्हणजे ते माझ्यामुळे गेलं?" तिने विचारलंच असतं, ती सोडणारी नव्हती. त्यावर मी काय म्हणणार होतो? मला वाटलं, एवढं ओझं तिच्यावर कशाला टाकायचं. मी तिच्यावर दया केली. अशी दया कुणी कुणावर करू नये.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी वाकडा रस्ता धरला. म्हटलं, "तू काम सोड." ती म्हणाली, "का?"

"उभं राहून पाय सुजतात तुझे."

"मग स्टुलावर बसते."

"लोक काय म्हणतील, बायकोच्या पगारावर जगतो."

"लोक आत्ताच म्हणतात. त्यात नवीन काय?"

आईनेही माझी बाजू घेतली. "गरवार बाय ती, तिका कामाक कित्याक नेतस?" सुमन हट्टाला पेटली. "आई, खोलीत बसून मी त्या मागल्या वेळचंच आठवत बसणार. तिथे निदान बोटं चालतात." आणि माझ्याकडे वळून, "आणि गूळ खाते ना रोज. आता तर शेठ दोन खडे देतो, बाळाचा एक." ह्यावर एक वाक्य खरं बोललो असतो तर ती त्या दिवशी थांबली असती. बाळासाठी ती काहीही करायला तयार होती. संकष्टीला पाणीसुद्धा न पिणारी बाई, ओठांतून चार खिळे बाजूला ठेवणं तिला कितीसं जड होतं? मी शेठकडे जाऊन नवरी टाइपासाठी एक छोटी लाकडी पट्टी मागितली, वेलांट्या टेकवून ठेवायला. शेठ म्हणाला, "आणतो." मी परत विचारलं नाही. चौथा महिना गेला, पाचवा गेला, पोट वर आलं, मला वाटलं, टळलं. माझ्या भीतीची मलाच लाज वाटायला लागली.

त्या मुलुंडच्या पत्रिकेच्या संध्याकाळी आम्ही चालत घरी आलो. तिला स्टेशनबाहेरच्या गाडीवरची कांदाभजी हवी होती. मी म्हटलं तेलकट आहे. "मला नाही, त्याला हवीत," असं म्हणून तिने पोटावर थाप मारली आणि कागदातली सगळी स्वतः खाल्ली. मला शेवटची मिरची दिली. घरी आईने पेज केली होती. सुमन म्हणाली, कंबर धरलीय, आणि लवकर आडवी झाली. दुसऱ्या दिवशी मी नळावर दात घासत होतो तेव्हा आईची हाक ऐकू आली. तशी हाक मी तिच्या तोंडून आधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. चटई भिजली होती. सुमन उठून बसायचा प्रयत्न करत होती आणि म्हणत होती, "काही नाही, काही नाही, चादर तेवढी बाहेर घाला, शेजारी बघतील."

शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला रस्त्यापर्यंत नेलं, टॅक्सीने आम्ही म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात पोचलो. मूल आधीच गेलेलं होतं. मुलगा. रक्त थांबत नव्हतं. मला एकदाच आत सोडलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "मेल्या, तू जेवलास का?" मी म्हटलं, "जेवलो." तेही खोटं. दुपारी तीन-साडेतीनला बाहेर आल्या त्या डॉक्टरीणबाई. दमलेल्या, वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी सांगितलं. मग कागद पुढे ओढून विचारलं, "काय काम करायची ती?"

"प्रेसमध्ये होती. खिळे सोडायची."

त्यांनी मान वर केली. "शिशाचे? जेवायच्या आधी हात धुवायची?"

"साबणाने. दोनदा."

"आणि? आणखी काही? म्हणजे शिसं पोटात जाण्यासारखं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. टेबलावर त्यांचा डबा होता, न उघडलेला. मी म्हटलं, "नाही बाई. आणखी काही नाही."

"मग कशाने झालं ते नक्की सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. इतकी वर्षं झाली, लोक मला सांगतात, तेव्हा असं व्हायचंच, बाळंतपणं म्हणजे जुगार होता, स्वतःला कशाला खातोस. असेल. शिशाने झालं की नाही मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण ज्या बाईला ते कळलं असतं तिला मी उत्तर दिलं नाही, आणि जी कदाचित जगली असती तिला मी सांगितलं नाही. दोन्ही वेळा तोंड माझंच होतं. दुसरं लग्न का नाही केलंस, विचारतात. काय सांगू? मला त्या लायकीचा मी वाटलो नाही, बस.

त्याच संध्याकाळी तिला स्मशानात नेलं. घरी परत आलो तर शेजारणीने पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. आई भिंतीला टेकून बसली होती आणि सुमनच्या चपला हातात घेऊन पुसत होती. कुणी रडत नव्हतं. मला तेच सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि प्रेसवर गेलो. आई म्हणाली, "खय जातस? सुतक असा." मी थांबलो नाही. शेठ दारातच उभा होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर आधी दुःख आलं आणि मग घाबरल्यासारखं झालं. हळू आवाजात म्हणाला, "वसंत, मला कळलं रे. पण आज कशाला आलास? आत पार्टी बसलीय. लग्नाचं काम आहे, सुतकाचा माणूस..."

"आत येत नाही शेठ. दत्तूमामांना पाठवा."

मामा बाहेर आले. पायरीवर माझ्या शेजारी बसले. त्यांनी हात धुतले नव्हते, तसेच काळे हात मांडीवर ठेवून बसले. मी म्हटलं, "मामा, पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. खिळा तोंडात धरायचा नाही. मी तिला नाही सांगितलं."

मला वाटलं ते शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"मी बघायचो रे," ते म्हणाले. "रोज बघायचो. म्हटलं, नवरा समोर उभा आहे, त्याला ठाऊक आहे, तो सांगेल. आणि लग्नाआधी... पोरीच्या ओठांकडे बघून म्हाताऱ्याने काय बोलायचं? प्रेसमध्ये दहा तोंडं. काय अर्थ काढतील." मग म्हणाले, "शेठनेपण बघितलंय. बाइंडिंगच्या बायकांनी बघितलंय. मागे हसायच्या त्या, नवरीच्या तोंडात नवरी म्हणून."

म्हणजे सगळ्यांनी बघितलं होतं. मीच एकटा आहे असं मला वाटत होतं, त्या पापात तरी मी एकटा आहे असं. तेही नव्हतं. मी उठलो आणि सरळ आत गेलो. शेठ "अरे, अरे" करत राहिला. पार्टीतला फेट्याचा माणूस खुर्चीतून अर्धा उठला. चटईवर बायका नव्या पत्रिकांच्या घडीत सोनेरी दोरा ओवत होत्या. कोपऱ्यात लीला बसली होती, गेल्याच महिन्यात लागलेली, सोळा-सतरा वर्षांची. दोन्ही हात पत्रिकेत, आणि दोऱ्याचं टोक ओठांत धरलेलं.

"काढ!" मी ओरडलो. "तोंडातून काढ ते! कुणी सांगितलं नाही तुला? काढ आधी!"

सगळा प्रेस थांबला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नुसता रेशमाचा दोरा होता तो, त्याने कुणाचं काही वाईट होत नाही, मलाही दिसत होतं. मामा मागून "वसंता, चल बाबा, चल" म्हणत माझा दंड ओढत होते. तरी मी हात पसरून तिच्यासमोर उभा राहिलो, तिने तो ओला दोरा ओठांतून काढून माझ्या हातावर ठेवेपर्यंत.